रजईतले तेरा तास

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्हेरला सकाळी दहा वाजता समोरच्या घराचं दार दिसत नाही. इथली मराठी माणसंही त्याला धुकं म्हणत नाहीत, कोहराच म्हणतात. अशाच एका सकाळी एक गृहस्थ एकटेच माझ्याकडे आले. मफलर सोडता सोडता म्हणाले, "ताई, आमची ही झोपते हो."

मी वाट पाहिली. पुढे काही येईना.

"झोपते म्हणजे?"

"म्हणजे झोपतेच. रात्री दहाला जी रजईत शिरते ती सकाळी साडेदहापर्यंत. दुपारी दोन घास खाल्ले की परत आत." मग मान खाली घालून, "आई म्हणते, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात समुपदेशनाचं काम करते. झोप येत नाही म्हणून येणारे रोज भेटतात. झोप फार येते म्हणून स्वतःहून कुणी येत नाही, त्यांना घरचे आणतात, आणि बहुतेक वेळा तक्रार आजाराची नसते, आळसाची असते. हे प्रकरण लिहायला त्या बाईंनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाड्यात लहानमोठे सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच.

वहिनी ३७ वर्षांच्या. महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर जुना वाडा, त्यातल्या तीन खोल्या आणि वर गच्ची. यजमानांचं विजेच्या सामानाचं दुकान, सासूबाई सत्तरीच्या, मुलगी नववीत. वहिनी घरीच ब्लाउज शिवतात. हात इतका चांगला की लग्नसराईत मुरारहून बायका माप द्यायला येतात. म्हणजे येत असत. आता शिलाई मशीनवर चादर पडली होती आणि तिच्यावर घडी न केलेले कपडे.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो रात्रभर कूस बदलणारा, पहाटे तीनला छताकडे बघत पडलेला माणूस. हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. डॉक्टरांच्या हत्यारांतही ते अर्धंच उतरलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये नैराश्य मोजायची जी प्रश्नावली दिली आणि जी पुढे औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरली गेली, तिच्या सतरा कलमांत झोप न लागण्याबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि जास्त झोपण्याबद्दल एकही नाही. आज दवाखान्यात सर्रास वापरतात त्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या यादीत तिसरा प्रश्न दोन्हींना एकाच दावणीला बांधतो: झोप न लागणं किंवा फार झोपणं. गुण दोघांनाही सारखेच. त्यामुळे कागदावरच्या बेरजेतून समोरचा कुठल्या बाजूचा आहे ते कळत नाही, तोंडानं विचारावंच लागतं.

वहिनींच्या घरच्यांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. नोव्हेंबरात घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बायकांना ते १२ तरी हवं. थायरॉईडचा टीएसएच ५.६, वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे. घरात सुटकेचा निःश्वास पडला. कारण सापडलं! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पालक-बीट सुरू झालं.

तपासण्या करायलाच हव्यात. जास्त झोप म्हणजे थेट मनाचा आजार असं धरून चालणारा माणूस एक दिवस एखाद्याचा मंदावलेला थायरॉईड चुकवतो, नाहीतर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास चुकवतो. मी यजमानांना घोरण्याबद्दल विचारलं, झोपेत श्वास थांबून दचकून उठतात का ते विचारलं. "ती नाही घोरत, मी घोरतो," म्हणाले. तेव्हा ती वाट बंद झाली. पण मध्यमवर्गीय बाईचं रक्त तपासलं की थोडं काहीतरी सापडतंच, आणि सापडलं की शोध तिथेच थांबतो. जानेवारीत पुन्हा तपासलं तर हिमोग्लोबिन ११.४ वर आलं होतं, टीएसएच औषधाशिवायच ४.९ वर उतरला होता आणि रजईतला मुक्काम मिनिटभरही हलला नव्हता. ॲनिमिया खरा होता, त्याच्या गोळ्याही योग्य होत्या. प्रश्न वेगळा होता.

सर्दीची गोळी मात्र हाताला लागली. डिसेंबरपासून वहिनी रोज रात्री दुकानातून आणलेली एक गोळी घेत होत्या. पाकिटावर बारीक अक्षरात क्लोरफेनिरामिन होतं, म्हणजे हमखास गुंगी. ती बंद केल्यावर सकाळचं डोकं हलकं झालं. उठणं मात्र तेव्हाच.

वहिनी स्वतः आल्या त्या पुढच्या आठवड्यात, संक्रांतीच्या आधी. शाल डोक्यावरून, खुर्चीत बसल्या ते टेकून, जणू पाठीला पोत्याचा भार. मी "कशा आहात" विचारलं नाही. विचारलं, "शेवटचा ब्लाउज कुठला शिवलात?"

त्या पहिल्यांदा वर बघून बोलल्या. मोरपंखी पैठणीवरचा, बोटनेक. पूर्ण झाला नाही.

मग मी त्यांच्या ऑर्डरींची वही मागितली. या प्रकरणात रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टापेक्षा मला त्या वहीनं जास्त सांगितलं. लांबट, लाल पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पानावर नाव, छाती-कंबर-बाही, कापडाचा एक चौकोनी तुकडा टाचणीनं लावलेला, द्यायची तारीख, आणि दिल्यावर तारखेवर बरोबरची खूण. राखीपर्यंत सगळ्या खुणा तारखेच्या आत. गणपतीनंतर पहिली खूण चार दिवस उशिरा, मग नऊ दिवस. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, अकरा ऑर्डरी लिहिलेल्या आणि एकावरही खूण नाही. डिसेंबरची पानं कोरी.

यजमानांचं म्हणणं होतं की थंडीमुळे झालं. सासूबाईंचंही तेच: "आमच्या ग्वाल्हेरच्या थंडीत कोण उठतं लवकर?" पण कोहरा येतो डिसेंबरच्या शेवटी. वही सांगत होती, सप्टेंबर. तेव्हा रजई ट्रंकेत होती आणि पंखा चालू होता.

सप्टेंबरात काय झालं? मोठं काही नाही. वडील जुलैत गेले होते, माहेरी उज्जैनला. तेरावं करून परत आल्या, दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या, सगळ्यांनी कौतुक केलं की किती धीराची. गणपतीत एक गिऱ्हाईक ब्लाउज परत घेऊन आली, बाही आवळत होती. चार बायकांसमोर हसून म्हणाली, "वहिनी, तुमचा हात आता आखडला." एवढंच. वहिनींनी ते वाक्य मला जसंच्या तसं, त्या बाईच्या सुरात म्हणून दाखवलं. चार महिन्यांनी.

आता झोप. मी दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली, पण चार रकाने करून: अंथरुणात कधी गेलात, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, अंथरुणातून बाहेर कधी आलात. बहुतेक घरांत पहिली आणि शेवटची वेळ तेवढी माहीत असते आणि मधल्या सगळ्याला झोप म्हणतात. नोंद ठेवायचं काम लेकीनं घेतलं, गणिताच्या रफ वहीच्या मागच्या पानांवर. आईला विचारून लिहायची, पण शेवटचा रकाना स्वतः बघून.

दोन आठवड्यांची सरासरी अशी निघाली: रजईत साडेतेरा तास, झोप आठ तासांच्या जरा वर. प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप पुरते असं मानतात. म्हणजे झोप जेवढी हवी तेवढीच होती. उरलेले पाच तास वहिनी जाग्या होत्या, डोळे मिटून.

त्याच दिवशी मी एपवर्थची प्रश्नावली भरून घेतली. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली, आठ साधे प्रसंग: वाचत बसलात, टीव्ही बघताय, गाडीत बसलाय, जेवून गप्प बसलाय, अशा वेळी डुलकी लागायची शक्यता किती? २४ पैकी १० च्या वर गेलं तर दिवसाची झोप खरोखर जास्त आहे असं समजतात. वहिनींचे आले ६. तेरा तास अंथरुणात घालवणारी बाई दिवसा पेंगत नव्हती.

आपल्या भाषेत यासाठी शब्द कमी नाहीत. पेंग वेगळी, गुंगी वेगळी, ग्लानी वेगळी, सुस्ती वेगळी, आणि नुसतं पडून राहणं सगळ्यांत वेगळं. पण तक्रार करताना आपण सगळ्यांचं एकच गाठोडं बांधतो, "झोप फार येते". पेंग असेल तर श्वासाचा, मेंदूतल्या झोपेच्या यंत्रणेचा किंवा औषधाचा शोध घ्यायचा. पेंग नाही, अंग उचलत नाही असं असेल तर नैराश्याकडे बघायचं. झोपेच्या प्रयोगशाळेतही हे दिसलं आहे: नैराश्यात फार झोपतो म्हणणाऱ्या कित्येकांना दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपायची मुभा दिली तर ते इतरांपेक्षा लवकर झोपत नाहीत. अंथरुण सोडवत नसण्याला डॉक्टरी भाषेत क्लिनोफिलिया असा शब्दही आहे. मला तो आवडत नाही, कारण त्यात अंथरुणाची आवड असल्याचा वास येतो. आवड कुठली?

मी वहिनींना सरळ विचारलं, "जाग आल्यावर त्या पाच तासांत काय करता?"

बराच वेळ त्या शालीच्या काठाचा दोरा ओढत राहिल्या. "काही नाही. ऐकते. कुकरच्या शिट्ट्या, आई भांडी घासतात ते. उठायला हवं हे कळतं. पाय शिशाचे झालेले असतात. आणि..." थांबल्या. "झोपले असले की कुणी काही विचारत नाही. जागी दिसले की विचारतात."

म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. सोंग होतंच. त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं, चूक होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. डोळे मिटून पडल्या पडल्या ही बाई सकाळ पुढे ढकलत होती, आणि आपल्याकडे झोपलेल्याला उठवू नये ही इतकी रुजलेली रीत की त्या एका रजईखाली कुणी हात घालत नव्हतं.

पीएचक्यू-९ चे गुण आले २७ पैकी १७. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल असतो. तो मी कधी कागदावर सोडत नाही, तोंडी विचारते. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. वहिनी म्हणाल्या, "मरावंसं नाही वाटत हो ताई. पण रात्री झोपताना वाटतं, सकाळ होऊच नये." बेत काही नव्हता, साधन जमवलेलं नव्हतं. तरी त्यांच्या संमतीनं यजमानांना आत बोलावून हे सांगितलं आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. मनाच्या त्रासासाठीची ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत. वहिनींनी चिठ्ठी मशीनच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली ठेवली. कधी लावला नाही, पण तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

घरच्यांचा सगळ्यांत मोठा आक्षेप वेगळाच होता. "नैराश्य असेल तर भाची आली की हसते कशी? गजक कशी खाते?" उज्जैनहून भाची आली होती तेव्हा वहिनी अर्धा दिवस बऱ्या होत्या. आणि रजईत बसून मुरैन्याची तीळगुळाची गजक पाव-पाव किलो संपत होती, वजन सप्टेंबरपासून सहा किलोंनी वाढलं होतं. दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचा ब्लाउज होईना.

नैराश्याचा जो प्रकार वहिनींना होता त्यात हे असंच असतं. लंडनच्या वेस्ट आणि डॅली या डॉक्टरांनी १९५९ मध्ये असे रुग्ण वेगळे काढून दाखवले, आणि मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९९४ पासून त्याला स्वतंत्र जागा आहे. चांगलं काही घडलं की मन तात्पुरतं उजळतं. त्यासोबत भूक वाढणं, झोप वाढणं, हातपाय जड होणं, आणि नाकारलं जाण्याची जखम फार खोल लागणं. त्या बाहीची आठवण करा. त्याला 'अटिपिकल', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं नैराश्य म्हणतात, पण नावावर जाऊ नका, दुर्मीळ मुळीच नाही. भाची आल्यावरचं हसू हा आजार नसल्याचा पुरावा नव्हता. आजाराचीच एक खूण होती. हे यजमानांना पटायला मला दोन बैठका लागल्या, सासूबाईंना जास्त.

इथे मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या देणं माझं काम नाही, आणि १७ गुणांवर नुसत्या गप्पांनी भागवणं बरोबर नव्हतं. त्यांनी पहिला अर्धा तास झोपेबद्दल नाही तर न झोपण्याबद्दल विचारलं. आयुष्यात कधी असं झालंय का की चार-पाच दिवस तीन-तीन तास झोपून भरपूर काम, भरपूर बोलणं, खर्च, आणि तरी थकवा नाही? कारण जास्त झोपेचं नैराश्य द्विध्रुवी आजारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद अशा आजारात, बरंच दिसतं, आणि तिथे नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. यजमान म्हणाले, गेल्याच्या आदल्या दिवाळीला ही चार रात्री जागून शिवत होती! पण तेव्हा ऑर्डरी होत्या, मुदत होती, आणि पाचव्या दिवशी त्या थकून झोपल्या होत्या. ते काम होतं, उन्माद नव्हता. वहिनींच्या एका काकांनी मात्र एकदा दुकानातला माल रस्त्यावर लोकांना वाटून टाकला होता, ही गोष्ट माहेरी हसत सांगतात. डॉक्टर हसले नाहीत, त्यांना त्यात उन्मादाची शंका आली. गोळी कमी मात्रेत, सकाळी घ्यायची, आणि झोप अचानक कमी झाली तर आनंद न मानता लगेच फोन करायचा, असं बजावलं. निद्रानाश असता तर रात्री गुंगी आणणारं, भूक वाढवणारं मिरटाझापीन दिलं असतं, इथे तेच नको होतं.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. लेक झाली तेव्हा वहिनी चार महिने अशाच पडून होत्या. "बाळंतीण आहे, झोपू द्या," म्हणून तो काळ निघून गेला. म्हणजे ही पहिली खेप नव्हती.

आता माझी चूक. पहिल्याच बैठकीत मी म्हणून बसले होते, रोज सातला उठायचं. लहानपणापासून कानात बसलेलं, लवकर निजे लवकर उठे. वहिनी तीन दिवस उठल्या. चौथ्या दिवशी दुपारी एकपर्यंत बाहेर आल्या नाहीत, आणि आता त्यांच्या यादीत आणखी एक न जमलेली गोष्ट आली, ती मी दिलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही तसंच झालं: साडी नेसल्या, दोन तास हसून बोलल्या, तिळगूळ वाटला, आणि पुढचे दोन दिवस रजईत. सासूबाईंनी फोनवर मला ऐकवलं, "बघा, हसायला जमतं, उठायला जमत नाही."

मग पायरी उतरले. सध्या जी वेळ आहे तीच धरायची, साडेदहा. पण रोज तीच, रविवारीही तीच, रात्री कशीही गेली तरी. दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे. रात्री झोपायच्या वेळेची सक्ती नाही, उठायच्या वेळेची आहे. उठलं की रजईची घडी ट्रंकेवर. दुपारी पाठ टेकायची असेल तर गच्चीवरच्या खुर्चीत.

यामागचं गणित मी त्यांना जेवणाच्या भाषेत सांगितलं. स्विस शास्त्रज्ञ बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं की झोप दोन गोष्टींवर चालते: एक झोपेची भूक, जी जागेपणी साचत जाते, आणि दुसरं मेंदूतलं घड्याळ, जे मुख्यतः उजेडावर लागतं. दिवसभर चिवडा तोंडात टाकत राहिलं तर पानावर भूक नसते. दिवसभर रजईत राहिलं तर रात्री झोपेची भूक नसते. मग रात्र उथळ, तुटक जाते, सकाळी विश्रांती झाल्यासारखं वाटत नाही, आणि ती कमी पडली असं वाटून माणूस आणखी पडून राहतो. जास्त झोप नैराश्य आणते की नैराश्य जास्त झोप, असं मला लोक विचारतात. वहिनींच्या बाबतीत आधी नैराश्य आलं हे वहीतून दिसतंच, पण नंतर अंथरुण त्याला खतपाणी घालत होतं.

यजमानांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं की रात्रभर जागवलं तर नैराश्य उतरतं. "एक रात्र जागवू का?" खोटं नाही वाचलं त्यांनी. १९७० च्या दशकापासून जर्मन डॉक्टरांनी हे पाहिलं आहे, साधारण निम्म्या रुग्णांचं मन एका जाग्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी हलकं होतं. पण झोपले की परत जैसे थे. आणि काकांची गोष्ट घरात असताना घरच्या घरी रात्र जागवणं म्हणजे काडेपेटीशी खेळ. साफ नाही म्हटलं.

घड्याळाचा भाग राहिला, उजेडाचा. वाड्याच्या मधल्या खोलीत खिडकी नाही. लेकीनं मोबाईलच्या ॲपनं उजेड मोजला: आत ट्यूब लावून ९० लक्स, बाहेर गच्चीवर कोहऱ्यातसुद्धा चार हजारांच्या वर. ॲपचा आकडा ढोबळ असतो, पण फरक खराच तेवढा असतो. आपल्याला कोहरा अंधारा वाटतो तो डोळ्यांच्या सवयीमुळे. तेव्हा ठरलं की सकाळचा चहा गच्चीवर, शाल-मफलर घालून, अर्धा तास. आणि चहा सासूबाई करतील पण खोलीत नेणार नाहीत, वर नेतील.

सासूबाईंना हे आवडलं नाही. "या वयात जिने चढू?" पण चढल्या. दोन कप घेऊन चढल्या, म्हणजे स्वतःचाही. सोंगाबद्दल आम्ही फार बोललो नाही. एकदा मी एवढंच म्हटलं की सोंग आहे असं धरलं तरी रोज पाच तास ते घ्यायला लागावं इतकं काय आहे बाहेर? त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी म्हणाल्या, "मीही सासरे गेले तेव्हा देवघरात बसून राहायचे. जप करतेय वाटायचं लोकांना."

शिवणाचं काय? वहिनी म्हणायच्या, मन झालं की बसते मशीनवर. आम्ही उलटं धरलं: आधी हात, मन मागून आलं तर आलं. ही पद्धत आपल्याकडेही नीट तपासलेली आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठकांत हेच केलं, त्याचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी या बैठकांना आलेल्या रुग्णांतले ६४ टक्के बरे झालेले होते, नेहमीच्या उपचारांतले ३९ टक्के.

वहिनींसाठी पहिलं काम ब्लाउज नव्हतं. हूक. शिवून तयार पडलेल्या दोन ब्लाउजांना फक्त हूक लावायचे राहिले होते. रोज दोन हूक, चहानंतर, गच्चीवर. पहिल्या दिवशी सुई ओवायला दहा मिनिटं लागली असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी लेकीनं ओवून दिली. दहाव्या दिवशी दोन्ही ब्लाउज पुरे झाले आणि लाल वहीत नोव्हेंबरच्या पानांवर दोन खुणा पडल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी रफ वहीतली पानं पुन्हा मांडली. झोप तेवढीच, आठ तासांच्या आसपास. फरक पडला होता तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांत. सकाळी जाग आणि उठणं यांच्यात आधी साडेतीन तास जायचे, आता पन्नास मिनिटं, आणि दुपारचं आत जाणं थांबलं होतं. ज्याला सगळे चार महिने जास्त झोप म्हणत होते ती झोपेला हातही न लावता कमी झाली.

सरळ रेषेत काही झालं नाही. मार्चच्या सुरुवातीला पाच दिवस पुन्हा मागे गेलं, मोरपंखी पैठणीवाल्या बाईंचा रागाचा फोन आल्यावर. ब्लाउज ज्या लग्नासाठी हवा होता ते होऊन गेलं होतं. वहिनींनी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि आत गेल्या. पण त्या पाच दिवसांतही साडेआठला रजईची घडी होत होती, घडी करून त्या खुर्चीत बसायच्या. गुढीपाडव्याला बोटनेक पूर्ण झाला. बाई येऊन घेऊन गेल्या, पैसे पूर्ण दिले, बोलल्या काही नाहीत. वहिनींनी मला तीनदा विचारलं की न बोलण्याचा अर्थ काय असेल. त्यावर आम्ही अजून काम करतोय.

एप्रिलच्या अखेरीस पीएचक्यू-९ चे गुण ७. सकाळी साडेसातला उठतात. गोळी चालू आहे, दुसरी खेप असल्यानं बरं वाटल्यावरही बरेच महिने चालू ठेवायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता नवा पेच उन्हाळ्याचा आहे. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की दुपारी अख्खा वाडा कूलरसमोर आडवा होतो, तिथे वहिनींनाच बसून राहा कसं सांगणार? म्हणून मुभा दिली: तीनच्या आत, अर्धा तास, सगळ्यांबरोबर बाहेरच्या खोलीत चटईवर, गजर लावून. मधल्या खोलीत नाही.

लेकीची रफ वही परीक्षेनंतर रद्दीत गेली. लाल वही मात्र चालू आहे. यंदाच्या सप्टेंबरचं पान वहिनींनी आधीच काढून त्यावर पेन्सिलीनं एक गोल करून ठेवलाय, आणि खाली माझा फोन नंबर.